मदत हवी आहे: मालवणच्या पक्ष्यांच्या नोंदी 'अनकन्फर्म्ड' दाखवतंय, तातडीचं

पेठकर_मास्तर (सोमवार, रात्री ९.१२)
लय डोकं उठलंय म्हणून धागा काढतोय. शनिवारी मालवणला गेलेलो. बघितलेले सगळे पक्षी ईबर्डवर, म्हणजे त्या पक्षीनोंदीच्या ॲपवर, भरले, ४१ जाती झाल्या. त्यातल्या दहा-बारा नोंदींपुढं 'अनकन्फर्म्ड' येतंय आणि वर 'जरा तपासून बघा' म्हणून मेल आलाय. तपासायचं काय त्यात? डोळ्यानं बघितलेत, फोटो आहेत. बुधवारी शाळेत पोरांना ही यादी पडद्यावर दाखवायची आहे. हे 'अनकन्फर्म्ड' घालवायचं कसं, तेवढं सांगा. ॲप काढून परत टाकलं, ढिम्म फरक नाही.

टिटवी (९.२०)
कुठले पक्षी? यादीचा प्रकार काय निवडला होता, एका जागी की फिरत? आणि मेलमध्ये नेमकं काय लिहिलंय?

पेठकर_मास्तर (९.२४)
पक्षी समुद्रावरचेच की. कुरव, सुरय, काकण (समुद्र गरुड), समुद्र बगळा, कालवफोड्या. मेल इंग्रजीत आहे, साधारण 'तपासा' असंच.

तीन_खिडक्या (९.३१)
मर्लिन ॲपनं आवाजावरून ओळखलेलं तसंच भरलंत ना? मर्लिन सांगतो ते सगळं खरं धरायचं नसतं. आमच्या सोसायटीत त्यानं एकदा प्रेशर कुकरच्या शिट्टीलासुद्धा पक्ष्याचं नाव दिलं होतं.

पेठकर_मास्तर (९.३३)
मर्लिनचा विषयच नाही हो. फोटो आहेत म्हणालो की.

जुना_दुर्बीणवाला (९.४८)
म्हणून मी म्हणतो, वही आणि पेन्सिल. तीस वर्षं झाली, माझ्या एकाही नोंदीला कुणी 'अनकन्फर्म्ड' म्हटलेलं नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठाला आपली माहिती फुकट द्यायची आणि वर त्यांनीच आपल्याला विचारायचं, तुम्ही खरंच बघितलं का!

टिटवी (९.५५)
काका, विचारणारा अमेरिकेतला नसतो. ईबर्ड अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं आहे, २००२ पासून चालू आहे. पण नोंदी तपासतात ते आपल्याकडचेच पक्षीनिरीक्षक, तेही बिनपगारी. प्रत्येक भागासाठी एक चाळणी असते: या महिन्यात इथं हा पक्षी, एवढ्या संख्येनं अपेक्षित आहे का? चाळणीत अडकलं की माणूस बघतो. आणि माहिती परदेशात अडकून पडत नाही. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतलाय, तो याच नोंदींवर. तुमच्या वहीतल्या तीस वर्षांचं काय झालं?

जुना_दुर्बीणवाला (१०.०२)
वही माझ्या कपाटात आहे आणि सुरक्षित आहे.

टिटवी (१०.०३)
तेच म्हणतेय मी.

घाटमाथा (१०.१०)
मालवणला जायचं असेल तर राधानगरीवरून फोंडा घाटानं जा. गगनबावड्यानं जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण दाजीपूरच्या बाजूला चहा चांगला मिळतो.

पेठकर_मास्तर (१०.१२)
जाऊन आलोय हो! गगनबावड्यानंच गेलतो.

टिटवी (१०.१५)
मास्तर, समुद्रावर कुरव नि सुरय दिसणं यात चाळणीला खटकण्यासारखं काही नाही. काकणसुद्धा मालवणला नेहमीचा. मग खटकलं काय? आकडे किती टाकलेत?

पेठकर_मास्तर (१०.१९)
काळ्या डोक्याचा कुरव ३००. बाकी दोन-चार, दोन-चार.

जुना_दुर्बीणवाला (१०.२४)
तिथंच चुकलंत. कोकणात तपकिरी डोक्याचा कुरव येतो. काळ्या डोक्याचा येतच नाही.

टिटवी (१०.३७)
येतो की, दोन्ही येतात. गोंधळ नावानं होतो. जानेवारीत दोघांचंही डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागं एक काळा ठिपका तेवढा उरतो. त्यामुळं डोकं सोडा, पंख उघडलेला फोटो शोधा. पंखाच्या काळ्या टोकात ठळक पांढरे ठिपके आणि डोळा फिकट असेल तर तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेनं लांब पांढरा पट्टा, त्याला मागून बारीक काळी किनार आणि डोळा गडद असेल तर काळ्या डोक्याचा. चोच नि पाय दोघांचेही लालसर, त्यावर जाऊ नका. पहिल्या वर्षाच्या पिलांना हे सगळं धड लागू होत नाही, ती सोडून द्या. नाहीच कळलं तर नुसतं 'कुरव' अशीही नोंद करता येते, त्यात कमीपणा नाही.
आणि ३०० मोजले की वाटले?

पेठकर_मास्तर (१०.४१)
कुत्रं मागं लागलं तसा सगळा थवा एकदम उठला. वाटले.

टिटवी (१०.४४)
बसलेले असताना पन्नासाचा एक पुंजका नीट मोजायचा आणि तसे किती पुंजके होतात ते बघायचं. अंदाज चालतो, पण तो कशावरून केला ते शेऱ्यात लिहायचं.
पण नुसत्या कुरवांवरून दहा-बारा नोंदी अडकत नाहीत. मेल टाका हो इथं.

कर्लीकाठ (१०.५८)
मी मालवणजवळच्या देवबागचो. मास्तरांनी काकणाच्या घरट्याचो फोटो टाकलेलो दिसता. खाली लिवलेला आसा, कुठल्या रिसॉर्टच्या मागे, कुठल्या सुरूच्या झाडार. ता पयला काढा. गेल्या वर्षी असोच कोणीतरी पत्तो टाकलेलो, मगे ड्रोन घेवन माणसा इली. काकण चार दिवस घरट्याकडे फिराकला नाय.

तीन_खिडक्या (११.०४)
पण लपवून ठेवायचं तर नोंद करायचीच कशाला? पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड दिसला, हे लोकांना कळलं तरच किनारा वाचेल ना?

कर्लीकाठ (११.०९)
गरुड दिसलो ता लिवा की. झाड कित्याक लिवतास? वेंगुर्ल्याच्या बर्न्ट बेटार पाकोळ्यांची घरटी चोरीक गेलेली, म्हायत आसा मा? लाळेची घरटी, सूप करूक परदेशात जायची. चोराक पत्तोच होयो असता.

टिटवी (११.१५)
कर्लीकाठ यांचं बरोबर आहे. ईबर्ड काही मोजक्या जातींची जागा आपणहून झाकतं, सगळ्यांची नाही. मास्तर, शेऱ्यातला पत्ता आणि घरट्याचा फोटो आधी काढा. नोंद राहू दे, जागा म्हणून जवळचा सार्वजनिक हॉटस्पॉट, म्हणजे ईबर्डवरची सगळ्यांसाठीची पक्षी बघायची जागा, द्या.

पेठकर_मास्तर (११.२१)
काढलं. कर्लीकाठ, माफ करा, ध्यानातच आलं नाही. फोटो चांगला आलेला म्हणून टाकला.

सायकल_रंकाळा (११.३०)
थांबा थांबा. शनिवारी रात्री मला ईबर्डचा अलर्ट आला होता. आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर समुद्र गरुड १, कालवफोड्या ४, काळ्या डोक्याचे कुरव ३००. मी रविवारी पहाटे साडेपाचला थंडीत सायकल काढून गेलो. टॉवरपासून पदपथानं पूर्ण चक्कर मारली. शेकाट्यासुद्धा दिसला नाही, म्हशी तेवढ्या दिसल्या. मास्तर, ते तुम्ही होय?

टिटवी (११.३२)
मास्तर, 'स्टार्ट' कुठं दाबलं होतं?

पेठकर_मास्तर (११.३८)
घरातनं निघतानाच. रंकाळ्यावरचे, गगनबावड्यातले सगळे एकाच यादीत यावेत म्हणून. देवबागला संध्याकाळी सहाला बंद केलं. मधे जेवण झालं. अंतर दीडशेच्या वर दाखवतंय. यात काय चुकलं?

घाटमाथा (११.४०)
😂😂 रंकाळ्यावर कालवं फोडतोय बिचारा. जेवायला कुठं थांबलात पण?

टिटवी (११.५६)
आता कळलं. यादीला जी जागा निवडली तीच सगळ्या पक्ष्यांची धरली जाते. तुम्ही रंकाळ्याजवळ सुरू केलीत, हॉटस्पॉट रंकाळाच निवडला गेला. म्हणजे कागदोपत्री तुमचे सगळे पक्षी, समुद्रावरचे धरून, रंकाळ्यावर. तपासणाऱ्यानं मेल केला नसता तरच नवल.
फिरत केलेली एक यादी आठ किलोमीटरच्या आत ठेवायची, आणि जागा किंवा अधिवास बदलला की नवी यादी. तळं वेगळं, घाट वेगळा, खाडी वेगळी. गाडीतनं जाताना दिसला एखादा, तर 'इन्सिडेंटल' म्हणून वेगळा टाकायचा.
दुरुस्ती फोनवर नको, कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडून करा. ही यादी पुसू नका, फोटो जातील. त्यापेक्षा हिलाच देवबागची करा. 'चेकलिस्ट टूल्स'मध्ये 'चेंज लोकेशन' आहे, तिथनं जागा बदला. 'एडिट डेट अँड एफर्ट'मध्ये जाऊन वेळ, कालावधी, अंतर फक्त देवबागपुरतं करा. मग रंकाळ्याचे आणि घाटातले पक्षी हिच्यातनं काढून त्यांच्या दोन नव्या याद्या भरा. कुठला पक्षी कुठं दिसला ते आठवतंय का?

पेठकर_मास्तर (मंगळवार, सकाळी ६.४०)
निम्मं आठवतंय. बाकी फोटोच्या वेळेवरून काढावं म्हटलं, तर कॅमेरा म्हणतोय कुरव पहाटे सव्वातीनला काढलेत.

जुना_दुर्बीणवाला (७.०५)
वहीत असं होत नाही.

सायकल_रंकाळा (७.१८)
कॅमेऱ्यात दिवस-रात्र उलटी लागलीय, बारा तास मिळवा. खात्रीसाठी कॅमेऱ्यानं मोबाईलच्या घड्याळाचा एक फोटो काढा. फोटोतली वेळ आणि कॅमेऱ्यानं नोंदवलेली वेळ यांत जेवढा फरक, तेवढा सगळ्यांना लावायचा. मिनिटांचाही फरक असतो, तोही कळतो.
आणि माझ्या पहाटेच्या चकरेबद्दल एक मिसळ लागू.

पेठकर_मास्तर (७.२२)
मिसळ लागू. फोटो काढला, फरक बारा तास सात मिनिटं.

निळी_छत्री (९.५०)
मलापण विचारायचं होतं. जून-जुलैत वादळानंतर किनाऱ्यावर मोठे समुद्रपक्षी दमून पडलेले सापडतात. मास्क्ड बूबी वगैरे. त्यांची नोंद करायची का? उचलून पाण्यात सोडावं का?

कर्लीकाठ (१०.१५)
पाण्यात सोडू नकात! दमलेलो असता, बुडून मरतलो. सावलीत खोक्यात ठेवा, कुत्र्यांपासून लांब, आणि वनविभागाक फोन करा. तोंडात मासो, पाणी कोंबू नकात.

टिटवी (१०.२१)
नोंद जरूर करा, फोटोसकट, कुठल्या अवस्थेत सापडला तेही लिहा. पण नवा धागा काढा, इथं मास्तरांचं राहू दे.

तीन_खिडक्या (१०.३०)
मी तर म्हणते आयनॅचरलिस्ट वापरा. एक फोटो, एक नोंद, विषय संपला.

टिटवी (१०.३६)
एकेकट्या पक्ष्यासाठी तेही छान आहे. पण पोरांना 'त्या दिवशी त्या खाडीवर काय काय होतं आणि काय नव्हतं' हे दाखवायचं तर पूर्ण यादीच हवी. मास्तर, फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, चार दिवस. किमान पंधरा मिनिटांची यादी चालते. पोरांना शाळेच्या मैदानावरच बसवा. साळुंकी, घार, कावळा, जे दिसेल ते मोजायचं.

पेठकर_मास्तर (मंगळवार, रात्री ८.४७)
झालं. तीन याद्या झाल्या: रंकाळा १४, गगनबावडा ११, देवबाग २२. कुरव फोटोत मोजले, पंखात पांढरे ठिपके, डोळा फिकट, म्हणजे तपकिरी डोक्याचे, आणि फोटोत मावलेले ११६. तेवढेच लिहिले. ज्यांनी मेल केलता त्यांना उत्तर देऊन चूक कबूल केली, तासाभरात त्यांचं 'धन्यवाद' आलं. साधा माणूस निघाला.
एकच राहिलं. गाडीत भाचा होता, त्यानंही त्याच्या फोनवर वेगळी यादी चालू ठेवलेली. घरातनंच.

टिटवी (८.५२)
पुढच्या वेळी एकानंच भरायची आणि दुसऱ्याला 'शेअर' करायची, नाहीतर एकच थवा दोनदा मोजला जातो. त्याला ताबडतोब सांगा.

पेठकर_मास्तर (८.५५)
सकाळपास्नं फोन लावतोय, उचलंना झालाय. तोवर त्याचा गरुड रंकाळ्यावरच आहे.

सायकल_रंकाळा (८.५८)
दोन मिसळी.