आपल्याच सरकारला मिळणारा पैसा रोखा, असं संघटनांनी ब्रुसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाला, सांगावं का?

सीमोल्लंघन:
२००० सालच्या कोतोनू करारात (युरोपीय संघ नि आफ्रिका, कॅरिबियन, पॅसिफिकमधले देश यांच्यातला) ९६वं कलम होतं. मानवाधिकार नि लोकशाही पायदळी तुडवलीत तर आधी चर्चा, ती फसली तर मदत बंद. २०१५मध्ये आफ्रिकेतल्या बुरुंडीत एनकुरुंझिझा तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या. मार्च २०१६मध्ये संघाने सरकारला थेट जाणारा पैसा थांबवला. तिथल्या संघटना यासाठी ब्रुसेल्सचे उंबरे झिजवत होत्या. माझ्या मते योग्यच केलं.

रोखठोक:
योग्य कसलं? एनकुरुंझिझा २०२०मध्ये वारले ते खुर्चीतच. निर्बंध उठले २०२२मध्ये. मधल्या काळात संघटनांना ‘परक्यांचे हस्तक’ म्हणायला सरकारला आयतं कोलीत मिळालं. जर्मेन रुकुकी या कार्यकर्त्याला २०१८मध्ये ३२ वर्षांची शिक्षा ठोठावली. नंतर सुटले, पण चार वर्षं गेलीच ना?

सीमोल्लंघन:
दडपशाही पैसा थांबायच्या आधीपासून होती हो. मानवाधिकार कार्यकर्ते एम्बोनिम्पांवर गोळ्या झाडल्या त्या ऑगस्ट २०१५मध्ये. आणि लोकांसाठीची मदत संयुक्त राष्ट्रं नि स्वयंसेवी संस्थांमार्फत चालूच होती. सरकारला झोंबलं ते वेगळंच. सोमालियातल्या शांतिसेनेत तेव्हा बुरुंडीचे पाच हजारांवर सैनिक होते. भत्ता युरोपचा, पण यायचा सरकारी खात्यातून, आणि सरकार त्यातला आपला वाटा कापून मग सैनिकाच्या हातावर टेकवायचं. युरोपने तो रस्ता बंद केला तशी सैन्य माघारी बोलावण्याची धमकी आली. शेवटी खासगी बँकेतून पैसे द्यायचं ठरलं. दबाव असा नेमका हवा.

ओवी:
नेमका, पण सगळ्यांवर सारखा नको का? फेब्रुवारी २०२४मध्ये संघाने रवांडाशी खनिजांचा सामंजस्य करार केला. शेजारच्या काँगोतली खनिजं रवांडामार्गे बाहेर पडतात ही ओरड जुनीच. काँगोच्या डॉ. मुक्वेगेंसारखा नोबेल मिळालेला माणूस विरोधात बोलला, तरी कागद तसाच राहिला. जानेवारी २०२५मध्ये रवांडाचा पाठिंबा असलेल्या एम-२३ बंडखोरांनी काँगोतलं गोमा शहर घेतलं, तेव्हा कुठे युरोपीय संसद म्हणाली, स्थगित करा. कोतोनूच्या जागी आलेल्या नव्या सामोआ करारातही मानवाधिकार आहेतच की लिहिलेले!

रोखठोक:
हेच मी म्हणतोय. गरीब बुरुंडीला कलम, खनिजवाल्याला हस्तांदोलन.

सीमोल्लंघन:
म्हणून पाठपुरावा सोडायचा? उलट तो सही व्हायच्या आधी हवा. खनिज करारांचे मसुदे दोन्हीकडच्या संघटनांना आधी दाखवा, हीच मागणी लावून धरायला हवी.

रोखठोक:
मसुदा दाखवणार कुणाला? २०१५नंतर बुरुंडीचे कितीतरी पत्रकार नि कार्यकर्ते पळून रवांडातच राहिले होते. रवांडाच्या कराराविरुद्ध तिथल्याच राजधानीत, किगालीत बसून त्यांनी मागणीवर सही करायची?

ओवी:
रोखठोक, यावेळी मुद्दा बिनतोड आहे. पण काँगोवाले तरी करतील ना सही?