फिशफाइंडरसाठी वेगळी बॅटरी कोणती घेऊ?

गळवाला: फायबरची २२ फुटी होडी, आउटबोर्ड इंजिन. सात इंची फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे नि तळ स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) इंजिनाच्याच बॅटरीवर आहे. सेल्फ मारला की स्क्रीन बंद, परत चालू होईस्तोवर खडप (पाण्याखालचा खडक, जिथे मासे असतात) मागे राहतो. इंजिन चालू असताना रेघाही दिसतात. पुस्तिकेत १ अँपिअर लिहिलंय, आठ तास चालवतो. बजेट ५ हजार. चार्जर घरी आहे, साधा लेड-अ‍ॅसिडचा.

खाडीकाठ: १०० एएचची (अँपिअर-तास) लिथियम घे, डोळे मिटून. वजन बारा किलोच्या आसपास. माझी एकदाही दगा देत नाही.

मिऱ्या_बंदर: भावा, पाच हजार म्हणालाय तो! घरच्या इन्व्हर्टरची जुनी ट्यूब्युलर (पातळ अ‍ॅसिड भरलेली लेड बॅटरी) टाक. मी तीच वापरतो.

सुरमई_प्रेमी: ट्यूब्युलर होडीत नको. लाटेत आमची कलंडली, अ‍ॅसिडने नायलॉनचं नवं जाळं फुकट गेलं. आत खारं पाणी शिरलं तर क्लोरीन होतो, तो वेगळाच.

मिऱ्या_बंदर: पेटीत आवळून बांधली की कशी कलंडेल?

खाडीकाठ: लिथियमवर रात्री दिवे पण चालतील.

सुरमई_प्रेमी: एलईडी मासेमारीला केंद्राची २०१७ पासून बंदी आहे.

खाडीकाठ: अहो, जाळं आवरायला दिवा म्हणतोय मी.

जुना_तांडेल: आमचे बाबा शिसं सोडून तळ बघायचे, डोंगराच्या खुणा धरून खडप गाठायचे. पोरांनी तेही शिकावं, बॅटरी कधीही संपते.

वायरमन: हिशोब बघा. १ अँपिअर गुणिले ८ तास म्हणजे ८ एएच. लेडची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून १८ एएच तरी हवी. लिथियम १२ ची पुरेल, पण तिला तिचाच चार्जर लागतो. फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलजवळ, वायर टिन चढवलेली, नाहीतर खाऱ्या हवेत हिरवी पडते. ट्रान्सड्यूसरची (पाण्यात ध्वनी सोडणारा सेन्सर) केबल इंजिनाच्या वायरींपासून लांब ने, रेघा बऱ्याच कमी होतील. मी असतो तर २० एएचची लिथियम घेतली असती.

खाडीकाठ: तेच सांगतोय मघापासून. लिथियम.

गळवाला: सगळ्यांचे आभार. यूपीएसची २६ एएचची सीलबंद लेड बॅटरी घेतली. बजेटमध्ये बसली, चार्जर आहे तोच चालतो, आणि बिघडली तर कणकवलीत त्याच दिवशी दुसरी मिळते. लिथियमसाठी कुरियरची वाट बघत हंगामात घरी बसणं मला परवडत नाही.

खाडीकाठ: वजन उचलून कंटाळशील.

वायरमन: १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंदीत घरी आण आणि महिन्यातून एकदा चार्ज कर. उतरलेली ठेवलीस तर सल्फेट धरून मरेल.

गळवाला: आणतो. फ्यूज ३ चा की ५ चा?

वायरमन: फिशफाइंडरच्या पुस्तिकेत आकडा असतो, तोच. मोठा टाकू नकोस.