टर्बो सिटीचा 'रेसिंग' अ‍ॅक्सल तुटला, विक्रेता हात वर करतोय

शून्य_ते_४०२:
मंडळी, गाडी २००२ ची होंडा सिटी व्हीटेक, दीड लिटरचं मूळ इंजिन, वर टर्बो. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर लाँच घेतला (थांबलेली गाडी एकदम पूर्ण जोरात सोडली), पुढची चाकं थडाथडा नाचली आणि खाड्कन आवाज. इंजिन बोंबलतंय, गाडी जागेवर. डावा अ‍ॅक्सल (चाकाला फिरवणारा शाफ्ट) आतल्या जॉइंटजवळ, स्प्लाइन म्हणजे टोकाचे खाचे-दाते संपतात तिथेच तुटलाय. '४३४० क्रोमोली, रेसिंगसाठी' म्हणून (४३४० म्हणजे निकेल, क्रोम, मॉलिब्डेनम घातलेलं स्टील) जोडी घेतली होती. विक्रेता म्हणतो, रेसिंगला वापरलात, वॉरंटी गेली. मग नावात रेसिंग कशाला? भांडू की गप दुसरा आणू?

घाटमाथा:
कंपनीचा टाक आणि टर्बोचा बूस्ट (हवेचा दाब) उतरव.

शून्य_ते_४०२:
बूस्ट उतरवायचा तर टर्बो लावला कशाला, दादा?

उद्यमनगर_कोल्हापूर:
भांडण नंतर. आधी तुकडे जपून ठेवा, तुटलेली तोंडं एकमेकांवर घासू नका. तोंडाला थोडं तेल लावा, गंज चढला की पुरावा गेला. आता बघा. तोंड सपाट, अक्षाला काटकोनात, आणि शेजारच्या स्प्लाइन पिळवटलेल्या असतील तर माल लवचीक होता, ताकदीपेक्षा जास्त पीळ बसला. खडू पिळून मोडल्यासारखा ४५ अंशात तिरका तुटला असेल तर माल ठिसूळ, बहुतेक हार्डनिंगनंतर टेंपरिंग (परत तापवून ठिसूळपणा घालवणं) नीट झालेलं नाही. आणि कडेपासून आत सरकत गेलेल्या लाटांसारख्या रेघा दिसल्या, तर चीर आधीपासून वाढत होती, त्या दिवशी फक्त शेवट झाला. स्प्लाइन संपते तिथे गोलाई न देता धारदार कोपरा सोडला की चीर तिथूनच सुरू होते. आमच्याकडं पंपाचे शाफ्टसुद्धा असेच येतात.

मालाची खात्री करायची तर स्पेक्ट्रो करा, म्हणजे स्टीलमध्ये कुठले धातू किती ते मोजणारी तपासणी. पुण्यात असाल तर भोसरीत होईल, इकडं शिरोलीत. ४३४० मध्ये निकेल १.६५ ते २ टक्के असतंच. निकेल नसेल आणि क्रोम-मॉली निघालं तर ते ईएन१९, म्हणजे ४१४०. वाईट नाही, पण तुम्ही पैसे त्याचे दिलेले नाहीत. दोन्ही नसेल तर ईएन८सारखं साधं कार्बन स्टील. हार्डनेसही तिथेच मोजून घ्या.

आणि ती चाकं नाचली ते सोडू नका. टायर पकडतो, सुटतो, परत पकडतो. प्रत्येक वेळी शाफ्टवर घणाचा घाव. इंजिन माउंट (इंजिन धरणारे रबरी आधार) आणि सस्पेन्शनच्या लोअर आर्मचे रबरी बुश तपासा. ते मऊ पडले असतील तर अस्सल मालही टिकायचा नाही.

वकिलीण_बाई:
'रेसिंगसाठी' अशी जाहिरात करून रेसिंगमुळेच वॉरंटी नाकारायची, ही पळवाट ग्राहक आयोगापुढे टिकणं अवघड. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि चॅट आजच जपा, पान गायब व्हायला वेळ लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. पण गाडी धंद्यासाठी वापरत असाल तर ग्राहक ठरणं अवघड. आधी लेखी नोटीस. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केलात तरी काही विक्रेते नरमतात.

शून्य_ते_४०२:
स्पेक्ट्रो झाला. निकेल नावालाही नाही, क्रोमही नाही. तोंडावर रेघा स्पष्ट दिसतात. गिअरबॉक्सकडचा माउंटही फाटलेला निघाला, म्हणजे विक्रेता आता त्यावरच बोट ठेवणार.

उद्यमनगर_कोल्हापूर:
ठेवू दे. माउंट फाटल्यानं निकेल उडून जात नाही. नोटिशीला रिपोर्ट जोडा, पण तुकडा त्याच्या हातात देऊ नका, फोटोच पाठवा. आणि उजवा अ‍ॅक्सल अजून गाडीतच आहे ना? जोडीचाच आहे तो. काढा आधी.

शून्य_ते_४०२:
जॅकवर घेतली गाडी.