‘हळहळ’ जिवंत माणसाबद्दल वाटते का?

शाईदौत
एका लेखाचं भाषांतर करते आहे. ऑस्ट्रेलियात जून २०१० मध्ये केविन रड यांना त्यांच्याच पक्षानं रातोरात पंतप्रधानपदावरून खाली उतरवलं आणि ज्युलिया गिलार्ड आल्या, त्या दिवसांवरचा लेख. २३ तारखेच्या रात्री देश झोपला तेव्हा पंतप्रधान एक होते. २४ च्या सकाळी पक्षाच्या खासदारांची बैठक झाली, रड उभेच राहिले नाहीत आणि गिलार्ड बिनविरोध निवडून आल्या. त्याच दिवशी रड घरच्यांना शेजारी घेऊन पत्रकारांसमोर आले. आवंढे गिळत, मध्येच थांबत बोलले. मी लिहिलं, ‘ते पाहून त्यांना मत न दिलेले लोकही हळहळले.’

मुद्रितशोधकांनी ‘हळहळले’वर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘हळहळ फक्त मृत्यूच्या बातमीत.’ वर सुचवलं, ‘लोकांना धक्का बसला.’ पण धक्का सकाळीच बसून गेला होता! हे त्याच्या नंतरचं आहे. शिवाय आमच्या घरी कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, तरी आई हळहळायची. माझं चुकतंय का? आणि हळहळ नसेल तर दुसरा शब्द कोणता?

गावठाण
मुद्रितशोधकांचं बरोबर आहे. ‘या घटनेने परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’ हे वाक्य अपघाताच्या बातमीखाली इतक्या वेळा छापून आलंय, की हळहळ म्हटलं की वाचकाला तिरडी दिसते. राजकारण्याची खुर्ची गेली म्हणून हळहळ? उद्या ‘कैलासवासी’ही लिहाल.

पैलतीर
गावठाण, वर्तमानपत्रानं शब्द गिरवून गिरवून गुळगुळीत केला म्हणून त्याचा अर्थ तेवढाच उरला असं होत नाही. २००७ मध्ये सचिन एकदिवसीय सामन्यांत तीनदा ९९ वर बाद झाला. तेव्हा आपण काय केलं? हळहळलोच ना? तिरडी कुठे होती? थोडक्यात हुकलं, हातातोंडाशी आलेलं गेलं, की हळहळ.

गावठाण
तिथं शतक गेलं. शतक मेलं म्हणा हवं तर. रड यांचं काय हुकलं? अडीच वर्षं सत्ता भोगली होती.

शाईदौत
त्यांचं नाही, लोकांचं हुकलं. नोव्हेंबर २००७ मध्ये जॉन हॉवर्ड यांना हरवून लोकांनी त्यांना आणलं होतं. पुढच्या निवडणुकीत ठेवायचं की काढायचं, हे लोक ठरवणार होते. ती संधीच गेली.

दूरदेशी
मी त्या वर्षी मेलबर्नला होतो, म्हणून लिहितो. तिकडे जून म्हणजे थंडी. २४ तारखेला सकाळी ट्राममध्ये सगळे गळपट्ट्यांत माना खुपसून बसलेले. एरवी तिथं अनोळखी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, त्या दिवशी बोलत होती. माझ्यासमोरच्या वयस्क बाई शेजारणीला म्हणाल्या, ‘मला तो माणूस कधीच आवडला नाही. पण असं नको करायला हवं होतं.’ दोनदा म्हणाल्या. दुसऱ्या वेळी खिडकीकडे बघत, कुणाला उद्देशून नाही. शाईदौत, तुम्ही जो शब्द शोधताय तो त्या बाईंच्या चेहऱ्यावर होता. मराठीत मी त्याला रुखरुख म्हणेन.

पैलतीर
रुखरुख नाही हो, दूरदेशी. रुखरुख स्वतःच्या हातून काही राहून गेलं की लागते. चुटपुटही तशीच. निघताना आजीला भेटायचं राहिलं, चुटपुट लागली. बाईंच्या हातून काय राहिलं होतं?

दूरदेशी
त्यांना विचारलंच गेलं नव्हतं. तेच राहिलं होतं.

उंबरठा
मला इथं मराठीचं फार कौतुक वाटतं. तळमळ, कळकळ, हळहळ, हुरहुर, रुखरुख, चुटपुट, घालमेल. मनाच्या आत जे हलतं त्याला केवढे नादाचे शब्द आहेत! कळकळ दुसऱ्यासाठी असते आणि घटनेच्या आधी असते. तळमळ आपली, आणि ती चालू असते. हुरहुर पुढचं काय होणार याची. हळहळ मात्र सगळं होऊन गेल्यावरच येते, आणि ती बघणाऱ्याची असते. ज्याचं गेलं तो हळहळत नाही, तो तळमळतो. या हिशेबानं शाईदौतताईंचा शब्द बरोब्बर आहे. रड तळमळले, लोक हळहळले.

शब्दमूळ
हळहळ हा शब्द हलाहल या विषावरून आला आहे. मंथनातून विष निघालं तेव्हा जग जे कळवळलं ती हळहळ. त्यामुळे मृत्यूशी संबंध मुळातच आहे. मुद्रितशोधक नकळत मुळाशी गेले.

उंबरठा
मग मळमळ कोणत्या विषावरून आली? आणि जळजळ? हे नादानुकारी शब्द आहेत. ‘ळ’ची द्विरुक्ती मराठीची स्वतःची आहे, तिला संस्कृतचा दाखला लागत नाही. हलाहल आणि हळहळ एकसारखे ऐकू येतात, एवढाच त्यांचा संबंध.

शब्दमूळ
एकसारखं ऐकू येणं हाच नात्याचा पहिला पुरावा असतो. मी मत बदलत नाही.

शुद्धमती
मूळ दुरुस्तीकडेही बघा. ‘धक्का बसला’ तर टाकाच टाका. गाडीचा धक्का, गर्दीचा धक्का हे मराठी. मनाला धक्का हे इंग्रजीवरून उचललेलं. ‘भुवया उंचावल्या’ तर उघडउघड भाषांतर आहे. मराठी माणूस चकित झाला की तोंडात बोटं घालतो, डोळे पांढरे होतात, त्याच्या पायाखालची वाळू सरकते. एवढं असताना उसनवारी कशाला?

पैलतीर
‘पायाखालची वाळू सरकली’ तर उलट घाबरलेल्या माणसाला. ट्राममधल्या बाई घाबरल्या नव्हत्या. आणि धक्का आता घराघरात आहे. माझ्या निरक्षर मावशीला ‘मोठा धक्का बसला गं’ म्हणताना मी ऐकलंय. तिनं इंग्रजी कुठे वाचलं होतं?

शुद्धमती
मावशीनं नसेल वाचलं, तिच्या कानावर पडलेल्या बातम्या लिहिणाऱ्यानं वाचलं होतं.

जुनीवही
‘गेले’ या शब्दाबद्दल सांगते. विषय थोडा बाजूला जाईल. १५ जुलै १९७९ ला मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. वडील ऑफिसातून येऊन दारातच म्हणाले, ‘मोरारजी गेले.’ आजी निवडत असलेलं सूप खाली ठेवून उठली. हात जोडले, म्हणाली, ‘काय झालं होतं हो? वय झालं होतं म्हणा.’ वडिलांनी समजावलं, जिवंत आहेत, पद गेलं. आजी पुन्हा खाली बसली, पण बराच वेळ सुपाला हात लावला नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे तसंच की.’ मोरारजी त्यानंतर १९९५ पर्यंत जगले. आजीच त्यांच्या आधी गेली.

सांगायचं एवढंच, की ‘शास्त्री गेले’ आणि ‘मोरारजी गेले’ ही वाक्यं आपण एकाच साच्यात बोलतो. ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदहून बातमी आली तेव्हाही लोक ‘गेले’च म्हणाले. त्यामुळे हळहळही दोन्हीकडे चालावी. माझ्या आजीला तरी चालली.

शाईदौत
जुनीवहीताई, ‘म्हणजे तसंच की’ वाचून थांबलेच. हे मुद्रितशोधकांना दाखवणार आहे.

गावठाण
शास्त्रीजींच्या वेळी हळहळ नव्हती, शोक होता. आदल्याच दिवशी करार झालेला, आणि पहाटे ही बातमी. त्याला हळहळ म्हणणं म्हणजे शब्द तोकडा घालणं. मोठ्या घटनेला मोठा शब्द हवा.

मोडीवाचक
जुनीवहींनी लिहिलेल्या ‘राजीनामा’ शब्दावर कुणीच थांबलं नाही. ‘राजी’ आणि ‘नामा’, म्हणजे कबुलीचा कागद. मराठेशाहीत वतनाचा तंटा पंचांपुढे आला, की सुरुवातीलाच दोन्ही पक्ष राजीनामा लिहून देत: जो निवाडा होईल तो आम्हाला मान्य. निवाडा झाल्यावर हरणारा जिंकणाऱ्याला येजितखत लिहून देई. म्हणजे राजीनामा हा खेळ सुरू होण्याआधीचा कागद होता आणि हरल्याचा कागद वेगळा होता. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात शेतजमीन सोडणारा राजीनामा देई आणि नवा कसणारा कबुलायत. सोडून देण्याचा अर्थ तिथं पक्का झाला. आज पंतप्रधान देतात तो हा जमीन सोडल्याचा राजीनामा. पण आतला ‘राजी’ तसाच बसून आहे.

शुद्धमती
म्हणूनच ‘त्यागपत्र’ म्हणावं. स्वच्छ शब्द.

मोडीवाचक
त्यात ‘त्याग’ आहे! ज्याच्या हातून पद काढून घेतलं त्यानं त्याग केला म्हणायचं? राजीनाम्यात निदान ‘राजी केलं’ असा अर्थ तरी निघतो. मराठीनं हा घोळ क्रियापदानं सोडवलाय. राजीनामा दिला, राजीनामा घेतला, द्यायला लावला, तोंडावर फेकला. नाम एकच, पण क्रियापद बदललं की कोणी कोणाला काय केलं ते कळतं. शाईदौत, तुमच्या लेखात क्रियापद कोणतं आहे तेवढं बघा. लोक हळहळले की चिडले, हे त्याच्यावर ठरेल.

पैलतीर
‘मागे घ्यायला लावला’ हेही त्यात घाला. ९ जून १९६७ ला, इस्रायलशी झालेल्या युद्धातल्या पराभवानंतर, इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी दूरचित्रवाणीवरून पद सोडत असल्याचं सांगितलं. कैरोचे लोक रस्त्यावर आले, जाऊ नका म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा मागे घेतला. त्या गर्दीला हळहळ म्हणता येणार नाही, कारण हळहळणारा माणूस काही करत नाही, जागेवर उभा राहतो. रस्त्यावर येणाऱ्याला आर्जव म्हणा, हट्ट म्हणा, आकांत म्हणा.

उंबरठा
हे पटलं. हळहळीत हात रिकामे असतात.

दूरदेशी
ऑस्ट्रेलियाचंच दुसरं उदाहरण घ्या. ११ नोव्हेंबर १९७५ ला गव्हर्नर जनरल, म्हणजे राणीचे प्रतिनिधी, जॉन कर यांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना काढलं. कॅनबेरात संसदेच्या पायऱ्यांसमोर गर्दी जमली, व्हिटलम पायऱ्यांवर उभे राहून बोलले, लोक खवळले. तिथल्या वयस्क माणसांशी आजही हा विषय काढला, तर आवाज चढतो. पण १३ डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या जागी बसवलेले माल्कम फ्रेझर मोठ्या बहुमतानं निवडून आले. चौकातली प्रतिक्रिया आणि मतपेटीतली प्रतिक्रिया एक नसते. २०१० मध्येही ऑगस्टच्या निवडणुकीत दोन्ही बाजूंना ७२-७२ जागा. ट्राममधल्या बाईंनी कुणाला मत दिलं असेल, मी अजून विचार करतो.

मोडीवाचक
व्हिटलम यांना ‘काढलं’ ठीक. वर्तमानपत्री मराठी मात्र ‘बरखास्त केलं’ लिहील आणि ते चूक ठरेल. बरखास्त म्हणजे उठणं. सभा बरखास्त होते, लोक उठतात. एका माणसाला बडतर्फ करतात, म्हणजे बाजूला करतात. मूळ बरतर्फ. सरकार बरखास्त, माणूस बडतर्फ. व्हिटलम बडतर्फ झाले.

गावठाण
बडतर्फ म्हटलं की मला कारकून आठवतो. पंतप्रधानांना पदच्युत म्हणा.

मोडीवाचक
पदच्युत म्हणजे पदावरून घसरलेला. कोणी ढकललं ते त्यात नाही. बडतर्फमध्ये ढकलणारा दिसतो.

शब्दमूळ
उचलबांगडीमध्ये तर चारही जण दिसतात. कोळ्यांच्या पांगडी नावाच्या जाळ्याची चारही टोकं धरून उचलतात, त्यावरून उचलपांगडी आणि मग उचलबांगडी, असं माझे गुरुजी सांगत. रड यांना हाच शब्द लावा. पक्षातले लोक टोकं धरून उभेच होते.

उंबरठा
गुरुजींचा मान राखून सांगते, हात-पाय धरून माणूस उचलण्याला जाळं लागत नाही. पण चार टोकांचं चित्र रड यांच्या प्रकरणाला बसतं खरं. जनतेनं निवडलेला माणूस चार-दोन गटप्रमुखांनी उचलला, हाच तर लोकांचा राग होता.

शाईदौत
सगळ्यांचे आभार. पानं परवा छपाईला जातात. मी मुद्रितशोधकांना फोन केला, जुनीवहीताईंच्या आजीचं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, ‘आजींच्या तोंडी चालेल, लेखात नाही.’ मी अडून बसले आहे. ‘चुकचुकले’ही सुचवून झालं त्यांचं. चुकचुकण्यात कौतुक बघायला आलेला माणूस आहे, तो मला नको.

दूरदेशी
हळहळले ठेवा. मी त्या ट्राममध्ये होतो.

गावठाण
ठेवलंत तर निदान ‘व्यक्त केली’ लावू नका.

मोडीवाचक
येजितखताबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. जिंकणाऱ्यानं सरकारात भरायच्या रकमेला हरकी म्हणत, हरणाऱ्यानं भरायची ती गुन्हेगारी. म्हणजे हरणं हाच गुन्हा.

जुनीवही
हरकी म्हणजे हर्षाची का हो, काका?