‘डिटेन्शन सेंटर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : मुंबईतील कायदेविषयक मदत करणाऱ्या एका गटासाठी मी मराठी माहितीपत्रक लिहीत आहे. व्हिसाची मुदत संपलेल्या किंवा नागरिकत्व सिद्ध करू न शकलेल्या माणसांना जिथे ठेवतात, त्या जागेला कधी ‘कोठडी’, कधी ‘छावणी’, तर आसामच्या संदर्भात ‘संक्रमण शिबिर’ असे म्हटलेले वाचनात येते. यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

उत्तर : माझ्या मते ‘स्थानबद्धता केंद्र’. आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठात अनुच्छेद 22 मध्ये ‘अटक’ आणि ‘स्थानबद्धता’ हे दोन शब्द वेगवेगळे येतात, आणि आणीबाणीत ‘मिसा’ या कायद्याखाली खटल्याविना डांबलेल्यांमुळे दुसरा शब्द सामान्य वाचकाच्याही ओळखीचा झाला. अटकेमागे गुन्ह्याचा आरोप असतो आणि पुढे खटला असतो. स्थानबद्ध माणूस गुन्हेगार ठरलेला नसतानाही एका जागी बांधला गेलेला असतो. ‘कोठडी’ म्हटले की आपल्याला पोलीस कोठडी किंवा न्यायालयीन कोठडी आठवते, म्हणजे आरोप त्या शब्दातच आला. ‘छावणी’ला उल्हासनगरच्या निर्वासितांची आठवण आहे, तिथे माणसे आसऱ्याला आली होती, त्यांना कोंडलेले नव्हते.

हा भेद केवळ कोशातला नाही. शिक्षा भोगून झालेल्या परदेशी व्यक्तींना तुरुंगातून ताबडतोब बाहेर काढून, मायदेशी पाठवेपर्यंत हालचालींवर निर्बंध असलेल्या योग्य जागी ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितले. आसामात मात्र गोवालपाडा, कोक्राझार, सिलचर, तेजपूर, जोरहाट, दिब्रुगड येथील केंद्रे अनेक वर्षे तुरुंगांच्या आवारातच चालली. तिथे खटल्याविना आणि ठरलेल्या मुदतीविना राहणाऱ्या माणसाची अवस्था शिक्षा झालेल्या बंद्यापेक्षाही कठीण होती, कारण बंद्याला निदान सुटकेची तारीख ठाऊक असते. तीन वर्षे पूर्ण केलेल्यांना अटींवर सोडण्याचा आदेश 2019 मध्ये आला आणि 2020 च्या साथीत ती मुदत दोन वर्षांवर आणली गेली. माहितीपत्रकात ‘तुरुंग’ आणि ‘स्थानबद्धता केंद्र’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरले, तर तुरुंगात ठेवणेच चूक होते हा मुद्दा वाचकापर्यंत पोहोचणार नाही.

प्रतिप्रश्न : पण 2021 पासून आसाम सरकारनेच या जागांना ‘ट्रान्झिट कॅम्प’ असे नाव दिले आहे. मग ‘संक्रमण शिबिर’ हे भाषांतर चूक कसे?

उत्तर : शब्दाला शब्द म्हणून ते चूक नाही, पण मुंबईच्या वाचकासाठी ते दिशाभूल करणारे आहे. इथे संक्रमण शिबिर म्हणजे म्हाडाचे. जुनी चाळ पाडल्यावर भाडेकरू जिथे राहतात ते. त्यांची दुरवस्था आणि तिथले वर्षानुवर्षांचे रखडणे आपण जाणतो, तरीही तिथल्या बाईच्या हातात आपल्या खोलीची किल्ली असते आणि ती सकाळी लोकल पकडून कामाला जाते. गोवालपाडा जिल्ह्यातील मातिया येथील 3,000 माणसांच्या केंद्रात कुलूप बाहेरून आहे. म्हणून सरकारी नाव अवतरणचिन्हांत द्यावे आणि क्रियापद स्वतःचे वापरावे : ‘मातिया येथील “ट्रान्झिट कॅम्प”मध्ये त्यांना स्थानबद्ध करण्यात आले.’ ‘त्यांची तिथे व्यवस्था करण्यात आली’ असे लिहू नये. लग्नाच्या वऱ्हाडाची व्यवस्था करतात.

त्याच कारणासाठी ‘डिपोर्टेशन’ला ‘पाठवणी’ म्हणणेही टाळावे, असे मला मनापासून वाटते. मराठीत पाठवणी सासरी जाणाऱ्या मुलीची होते. ‘तडीपारी’ही नको, कारण ती जिल्ह्याच्या हद्दीबाहेरची असते. ‘देशाबाहेर काढणे’ हे साधे आणि खरे आहे. आणि या माणसांविषयी लिहिताना ‘घुसखोर’ किंवा ‘बेकायदेशीर’ असे न म्हणता ‘व्यक्ती’ म्हणावे. जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या संरक्षणाबाबत अनुच्छेद 21 मध्ये ‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’ हाच शब्द आहे.