बिटलॉकर लावला तरी लेखा शाखेला चौकशीचा फोल्डर उघडतोय

दप्तर_शिवाजीनगर
पुण्यातल्या सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेच्या स्कॅन केलेल्या नस्त्या विंडोज सर्व्हरवर आहेत: विभागीय चौकशा, गोपनीय अहवाल. 22 संगणक, डोमेन (सगळ्यांचे लॉगिन आणि हक्क एकाच जागेवरून) आहे. डी ड्राइव्हला बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर सांकेतिक, म्हणजे एन्क्रिप्ट, करून ठेवणारी विंडोजची सोय) लावलाय, तरी लेखा शाखेतल्या लिपिकाला चौकशीचा फोल्डर उघडतो. एन्क्रिप्शन चालत नाहीये का? शिवाय गुरुवारी महावितरणची वीज गेली की सर्व्हर नंतर आपोआप उठायला हवा.

सर्व्हरवाला_कोथरूड
एन्क्रिप्शन चालतंय, त्याचं काम वेगळं आहे. कोणी डिस्क काढून नेली किंवा ती भंगारात गेली, तर बिटलॉकर कामाला येतो. सर्व्हर चालू असला आणि ड्राइव्ह उघडा असला की नेटवर्कवरून येणाऱ्याला मजकूर साधाच मिळतो. कोणी काय उघडायचं हे एनटीएफएसच्या (विंडोजची फाइल ठेवण्याची व्यवस्था) परवानग्या ठरवतात.

बहुतेक वेळा घोळ असा होतो: फोल्डर आधी ‘सर्वांसाठी’मध्ये असतो आणि तिथून कट-पेस्ट केलेला असतो. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत आणते. कॉपी केलेली नव्या फोल्डरच्या घेते.

फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्डमध्ये जा. इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरकडून आपोआप येणाऱ्या परवानग्या) बंद करा, विचारेल तेव्हा ‘कन्व्हर्ट’ निवडा, मग ‘यूजर्स’ हा गट काढा. ‘सिस्टीम’ आणि ॲडमिनला हात लावू नका, नाहीतर बॅकअप अडेल. खाली ‘रिप्लेस ऑल चाइल्ड…’ची खूण करायला विसरू नका, ती राहिली तर आतल्या जुन्या फाइली उघड्याच राहतात.

परवानगीत माणसाचं नाव टाकू नका. दोन गट करा, चौकशी-वाचन आणि चौकशी-लेखन. बदली झाली की माणूस गटातून काढायचा, फोल्डर तसाच. लेखन गटालाही ‘मॉडिफाय’ पुरे. ‘फुल कंट्रोल’ दिलं की तोच परवानग्या वाटत सुटतो. आणि गटातून काढलेला लिपिक लॉगऑफ होईपर्यंत जुन्याच हक्काने आत असतो, हे धरून चाला.

बाणेर_पॅच
बिटलॉकरबद्दल. कमांड प्रॉम्प्टवर मॅनेज-बीडीई या बिटलॉकरच्या कमांडचा स्टेटस बघा. ग्रुप पॉलिसी (डोमेनमधल्या संगणकांना एकदम लागू होणाऱ्या सेटिंग्ज) बदलली नसेल तर एन्क्रिप्शनची पद्धत एक्सटीएस-एईएस 128, म्हणजे 128 बिटांची किल्ली, दिसेल. 256 हवं असेल तर ग्रुप पॉलिसी आधी लावा, मग एन्क्रिप्ट करा. नंतर पॉलिसी बदलून जुना ड्राइव्ह बदलत नाही, डिक्रिप्ट करून पुन्हा करावा लागतो. दुसरं, ‘फक्त वापरलेली जागा’ निवडली असेल तर पूर्वी पुसलेल्या नस्त्यांचे अवशेष रिकाम्या जागेत उघडेच आहेत. जुन्या डिस्कवर ‘पूर्ण ड्राइव्ह’च घ्या.

गुरुवारसाठी: सी ड्राइव्हला नुसता टीपीएम (किल्ली सांभाळणारी संगणकातली चिप) ठेवा आणि डी ड्राइव्हला ऑटो-अनलॉक. पिन लावलात तर वीज आल्यावर कोणीतरी सर्व्हरसमोर उभं राहून तो टाकेपर्यंत सगळं कार्यालय बसून. मात्र मग सर्व्हरची खोली आणि रॅक दोन्हींना कुलूप हवंच. बाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपना पिन लावा. बायोस (संगणक सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करण्याआधी बिटलॉकर सस्पेंड करा, नाहीतर 48 अंकी रिकव्हरी की (अडलेला ड्राइव्ह उघडायची राखीव किल्ली) मागत बसेल.

एक मात्र, ‘गुप्त’ किंवा ‘अतिगुप्त’ शेऱ्याचं काही असेल तर ते इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर नकोच, एईएस 256 लावूनसुद्धा.

दप्तर_शिवाजीनगर
‘रिप्लेस ऑल चाइल्ड’चीच खूण राहिली होती. कोणी काय उघडलं हे कळेल का? रिकव्हरी कीची छापील प्रत सर्व्हरच्या टेबलाच्या खणात आहे.

सर्व्हरवाला_कोथरूड
कळेल, पण दोन ठिकाणी चालू करावं लागतं: पॉलिसीत ‘ऑडिट फाइल सिस्टीम’ आणि त्या फोल्डरच्या ऑडिटिंग टॅबमध्ये नोंद. एकच केलं तर काहीच उमटत नाही. मग सिक्युरिटी लॉगमध्ये (विंडोजच्या सुरक्षा नोंदवहीत) 4663 क्रमांकाची नोंद शोधा. लॉगचा आकार मुळात 20 एमबी असतो, गजबजलेल्या सर्व्हरवर तो लगेच भरून जुनं पुसलं जातं. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत, तेव्हा आकार वाढवा आणि रोज दुसऱ्या यंत्रावर उतरवा.

खणातली की म्हणजे कुलपालाच किल्ली लटकवलेली. ती आता बाद समजा: मॅनेज-बीडीईने नवा रिकव्हरी पासवर्ड जोडा, मग जुना काढा. नवी प्रत सीलबंद पाकिटात कार्यालयप्रमुखांच्या कपाटात, आणि कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत पाकिटाची नोंद.