अनुभव धागा : कॉलेजात अडलं तेव्हा कुणी काय सांगितलं?

मी साताऱ्यात गेली चोवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. दरवर्षी जून-जुलैत नवी मुलं येतात. कुणी जावळीतून, कुणी माण-खटावमधून, कुणी पोवई नाक्यावरून चालत. पहिले दोन आठवडे सगळी पुढच्या बाकांवर असतात. दिवाळी जवळ आली की काही चेहरे मागं सरकतात आणि मग दिसेनासे होतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तीच मुलं दारात उभी असतात. "सर, पहिल्यापासूनच काही कळलं नव्हतं." तेव्हा माझ्या हातात फारसं उरलेलं नसतं.

मला मुलांना एकच सांगायचंय. अडलं की त्याच आठवड्यात येऊन सांगा.

कसं सांगायचं तेही लिहितो, कारण मुलं बहुतेक वेळा तिथंच अडखळतात. "सर, काहीच कळत नाही" म्हणालात तर कुठून सुरुवात करायची ते मलाही कळत नाही. वही घेऊन या. "इथपर्यंत आलं, या ओळीनंतर सुटलं" असं बोट ठेवून दाखवा. मग दहा मिनिटं पुरतात.

काही वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एक मुलगी होती. टायट्रेशनला, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबानं दुसऱ्यात सोडून तीव्रता काढायच्या प्रयोगाला, तिचा हात अगदी स्वच्छ. डाव्या हातानं ब्यूरेटचा कॉक, उजव्या हातानं फ्लास्क फिरवत राहायची आणि फिकट गुलाबी रंग टिकला की त्याच थेंबाला थांबायची. तरी सोडियम हायड्रॉक्साइडची तीव्रता दरवेळी जास्तच यायची, जवळजवळ दीडपट. आपल्याला प्रॅक्टिकल जमत नाही असं तिनं मनाशी धरून टाकलं आणि तीन आठवडे शेजारणीची रीडिंग उतरवून काढली. चौथ्या आठवड्यात ती रडवेली होऊन आली. मी वही चाळली. ज्याच्यावरून ती तीव्रता काढायची, ते ॲसिडचं द्रावण तिनं स्वतः बनवलं होतं: २५० मिली, ०.१ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड, वजन २.२५ ग्रॅम. तिला म्हटलं, कपाटातली बाटली आण आणि लेबल मोठ्यानं वाच. सूत्र संपल्यावर एक टिंब होतं आणि त्या टिंबापुढं पाण्याचे दोन रेणू. तिनं रेणुभार ९० धरला होता. पाणी धरून तो १२६ होतो. म्हणजे घ्यायला हवं होतं ३.१५ ग्रॅम. ॲसिड कमी पडायचं, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड जास्त तीव्र दिसायचं. तिच्या हाताचा काही दोष नव्हता. पहिल्याच आठवड्यात आली असती तर तीन आठवडे स्वतःला नावं ठेवण्यात गेले नसते.

तुम्हाला कॉलेजात असं कुणी काही सांगितलं असेल आणि ते कामी आलं असेल, तर इथं लिहा. कॉलेजचं, शिक्षकांचं नाव नको. काय झालं आणि तुम्ही काय केलंत, तेवढं लिहा.

पुसेगावची, आता पुण्यात नोकरीला

सर, मी त्या मागं सरकणाऱ्या मुलांपैकीच. सकाळची एसटी कोरेगावात भरायची आणि साताऱ्यात पोचेपर्यंत पहिला तास अर्धा झालेला असायचा. अर्ध्या तासात वर्गात शिरायची लाज वाटायची, म्हणून मी तो तास स्टँडवरच काढायचे. दोन महिन्यांत हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली आणि नोटीस बोर्डावर नाव लागलं.

बोलावणं आल्यावर मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, "गाडी किती वाजता सुटते?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी माझी प्रॅक्टिकलची बॅच दुपारची करून दिली आणि पहिल्या तासाच्या सरांना स्वतः सांगितलं की ही मुलगी मागच्या दारानं येऊन बसेल. बॅच बदलून मिळते हे मला माहीतच नव्हतं. अर्ज अर्ध्या पानाचा होता.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. वर्धनगडच्या घाटात पुस्तक उघडलं की मला मळमळायचं, म्हणून जायचे-यायचे तीन तास वाया जातात असं रोज वाटायचं. मॅडम म्हणाल्या, वाचू नकोस, ऐक. रात्री जेवणं झाली की त्या दिवसाच्या नोट्स मी मोबाईलमध्ये माझ्याच आवाजात वाचून ठेवायचे आणि सकाळी गाडीत ऐकायचे. आपण जिथं अडखळत वाचतो, तिथंच आपल्याला समजलेलं नसतं. ते ऐकताना बरोबर कळतं.

कमवा आणि शिका

मी नव्वदच्या दशकात साताऱ्यात वसतिगृहात राहून शिकलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच विचारावर, की पैसे नाहीत म्हणून पोराचं शिक्षण थांबता कामा नये, त्यानं काम करून शिकावं. आम्ही सकाळी बागेत आळी करायचो, पाणी द्यायचो आणि अंघोळ करून तासाला बसायचो.

पहिल्या वर्षी मला त्याची लाज वाटायची. नखांत माती राहायची आणि मी हात बाकाखाली धरायचो. आमचे एक सर वर्गातून जाता जाता थांबले आणि म्हणाले, "हात वर ठेव, लिहायला बरं पडतं." बाकी काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून हात वर राहिले.

त्यांनीच एक सवय लावली. आज जे शिकवलं ते आज रात्री वीस मिनिटं बघायचं, मग कितीही दमलेला अस. नवीन काही वाचायचं नाही, फक्त वही. काम करणाऱ्या पोराला रविवारी सलग सहा तास मिळतील या भरवशावर राहता येत नाही. आज माझी मुलगी शिकतेय. तिला कामाला जायची गरज नाही, पण वीस मिनिटांचा नियम तिलाही आहे.

सांगलीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं

प्राध्यापक अभ्यासाचं सांगतील, मी कागदांचं सांगते. खिडकीच्या आतून इतकी मुलं रडताना बघितलीत की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नाव. दहावीच्या मार्कशीटवर आहे तेच आधारवर, तेच बँकेत. एकीकडं वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडं नुसतं आद्याक्षर असलं की शिष्यवृत्ती अडकते. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, हे बँकेत जाऊन विचारा. मोबाईलवर मेसेज येतो म्हणजे जोडलंय असं नसतं.

महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज एकदा भरला की संपलं असं मुलं समजतात. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, त्यामुळे आपण बसत नाही असं घरबसल्या ठरवू नका, ऑफिसात विचारा. आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्न मर्यादेत २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. हे माहीत नसल्यानं मुलीला इंजिनिअरिंगला न पाठवणारे पालक मी बघितलेत. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जातपडताळणी यांना तहसीलला आणि समितीकडं वेळ लागतो. निकालाची वाट बघत बसू नका, बारावीची परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागा.

आणि मूळ कागद. २०१९ च्या पुरानंतर पंधरा दिवसांनी कॉलेज उघडलं, तेव्हा एक मुलगा वर्तमानपत्राच्या घडीत मार्कशीट वाळवून घेऊन आला. निम्मी शाई पेपरवर उमटली होती. सांगलीत २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. नदीकाठच्या मुलांनी कागद चेनच्या प्लास्टिक फाईलमध्ये घालून माळ्यावर ठेवावेत, खालच्या कप्प्यात नाही. डिजीलॉकरचं खातं आजच काढा.

मिरज

माझा विषय एका मार्कानं गेला होता. मी घरी सांगितलं की पेपर तपासणाऱ्यानं वाट लावली, आणि मला ते खरंच वाटत होतं. आमच्या सरांनी वाद घातला नाही. म्हणाले, "उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव, मग दोघं मिळून बघू." फी भरली, कॉपी आली.

पाच मार्कांचा प्रश्न होता, दोन गोष्टींतला फरक स्पष्ट करा. मी पहिल्या पानावर एकीची माहिती लिहिली होती, दुसऱ्या पानावर दुसरीची. दोन्ही बरोबर, अक्षर चांगलं, आकृत्यासुद्धा होत्या. पाचपैकी दोन. सरांनी पेन्सिलीनं मधोमध एक उभी रेघ मारली आणि म्हणाले, "आता हेच या रेघेच्या दोन बाजूंना लिही." मला तीन मुद्द्यांपुढं जाता येईना. दोन पानं लिहिली होती, पण फरक असा एकही लिहिला नव्हता.

त्या दिवसापासून मी प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करायला लागलो. सिद्ध करा, तुलना करा, कारणं द्या. पुढच्या सेमिस्टरला तो विषय ६० च्या वर निघाला. अभ्यासाचे तास मी काही वाढवले नव्हते.

जत तालुका

मराठी माध्यम. अकरावीला इंग्रजीतून जीवशास्त्र आलं आणि मी पाठ करत सुटलो. एका सरांनी सांगितलं, आधी मराठीत स्वतःशी समजावून सांग, मग इंग्रजीत चार वाक्यं लिही, लांब नको. वहीच्या शेवटच्या पानांवर रोजचे पाच शब्द. वर्षभर केलं. बस, एवढंच.

मला थोडं वेगळं म्हणायचंय

सर, तुमचं म्हणणं पटतं, पण सगळ्यांच्या वाट्याला तुमच्यासारखे शिक्षक येत नाहीत. मी पहिल्या वर्षी गेलो होतो विचारायला, वही घेऊनच. "बारावी कशी पास झालास?" असं साठ मुलांसमोर ऐकलं. नंतर वर्षभर मी एकाही केबिनच्या दारात उभा राहिलो नाही.

मला वाचवलं ते लॅबच्या मामांनी आणि लायब्ररीतल्या मॅडमनी. मामा शिकलेले नव्हते फारसे, पण कुठला प्रयोग कुठं बिघडतो हे त्यांना पाठ होतं. मॅडमनी गेल्या पाच वर्षांचे पेपर काढून दिले आणि एका सीनियर दीदीशी गाठ घालून दिली. तिच्याकडून समजलं ते आजही लक्षात आहे. मुलांना "सरांकडे जा" सांगाल तेव्हा हेही सांगा, की एका दारातून हाकललं तर दुसरं बघा.

धागाकर्ता

तुमचं खरं आहे, आणि ते वाचून वाईट वाटलं. अशी वाक्यं आमच्यातलेच लोक बोलतात. मी नवीन होतो तेव्हा मीही एका मुलाला चिडून बोललोय, त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. मामांचं तर मी वरच लिहायला हवं होतं. आमच्या प्रयोगशाळेतही मी स्वतः कितीतरी गोष्टी त्यांच्याकडून शिकलो.

विश्रामबाग, सांगली

मी आई म्हणून लिहितेय. मुलगा सायन्सला होता. पहिल्या सेमिस्टरचा निकाल त्यानं दोन महिने लपवला. डबा घेऊन रोज निघायचा आणि गणपती मंदिराजवळ घाटावर जाऊन बसायचा. मला कळलं ते त्याच्या सरांचा फोन आला म्हणून. ते म्हणाले, "ताई, आज त्याला निकालाचं काही विचारू नका. उद्या दोघं या."

दुसऱ्या दिवशी सरांनी त्यालाच विचारलं, कुठला तास तुला बरा वाटतो? तो म्हणाला, कुठलाच नाही, पण मामाच्या अडतीच्या दुकानात हिशोब लिहायला आवडतं. सांगलीत हळदीचा एवढा बाजार, आमचं निम्मं गणगोत मार्केट यार्डात, पण हा विचार आमच्या डोक्यात आला नव्हता. बारावीला चांगले मार्क म्हणून सायन्स, एवढंच आम्ही बघितलं होतं. कॉमर्सचे प्रवेश कधी सुरू होतील, टीसी कधी काढायची, तोवर गॅपचं काय करायचं, हे सगळं सरांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. मुलगा आता सीएच्या परीक्षा देतोय, अजून एक ग्रुप राहिलाय.

कराडची, एम.एस्सी. दुसरं वर्ष

एक छोटी गोष्ट. आयआयटीत एम.एस्सी. करता येते आणि त्यासाठी जॅम नावाची परीक्षा असते, हे मला तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात समजलं. परीक्षा फेब्रुवारीत असते, पण अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरातच भरून घेतात. माझं एक वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षातच कुणातरी सरांना विचारा, "यानंतर काय काय करता येतं?" एवढाच प्रश्न.

यंदा पहिलं वर्ष

सर, मी सगळं वाचलं. माझं ॲडमिशन झालंय, घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. मला एक विचारायचं होतं. केबिनमध्ये जाताना चप्पल बाहेर काढायची असते का? आणि सर जेवत असतील तर?

धागाकर्ता

चप्पल काढायची नाही. दार उघडं असेल तरी एकदा वाजव आणि "येऊ का सर?" म्हण. जेवत असतील तर "कधी येऊ?" विचार, ते वेळ सांगतील. ती वहीवर लिहून घे आणि त्या वेळेला ये.